फुकटची महाग खुर्ची

सरकार आणि धर्मादाय संस्था अपंगांना चाकाच्या खुर्च्या फुकट वाटीत असता त्यांच्या किमतीविषयी ओरड कशाला, असा प्रश्न करणारे सुशिक्षित गृहस्थ आम्हांस वरचेवर भेटतात. प्रश्न वरवर रास्त दिसतो. परंतु त्याच्या पोटी जी समजूत आहे ती आम्हांस घातक वाटते, म्हणून तिचा समाचार घेणे प्राप्त आहे.

फुकट म्हणून काय मिळते हे आधी पाहू. अपंगांना साधने देण्याची केंद्र सरकारची योजना १९८१ पासून चालू आहे, आणि तीत वाटली जाणारी साधने मुख्यत्वे कानपूरच्या सरकारी कारखान्यातून येतात. योजना वाईट आहे असे आम्ही म्हणत नाही. तिच्यावाचून कित्येक माणसे जमिनीवर सरपटत राहिली असती. पण तिचे नियम वाचावे. अपंग व्यक्ती घरच्यांवर अवलंबून असेल तर पालकांचे मासिक उत्पन्न पाहिले जाते. ते २२,५०० रुपयांच्या आत असेल तर साधन फुकट, ३०,००० पर्यंत असेल तर अर्ध्या किमतीत, आणि त्याच्यावर शंभर रुपये जरी गेले तरी काही नाही. शिवाय एकदा साधन घेतले की, लहान मुले सोडल्यास, ३ वर्षे दुसरे मागता येत नाही.

आता ही खुर्ची भिवंडीत आणून पाहा. २०११ च्या शिरगणतीत ह्या शहराची वस्ती ७ लाखांवर भरली. गाव यंत्रमागांचे. येथला कारागीर मीटरमागे मजुरी घेतो आणि बारा-बारा तास मागांच्या रांगेत उभा असतो. त्याचे पाय गेले की मजुरी त्याच दिवशी थांबते. शिबिरातली खुर्ची बहुधा इस्पितळाच्या गुळगुळीत फरशीवरून रोगी हलविण्याच्या बेताची असते: ठोकळ मापाची, जड, पुढे दोन लहानगी चाके. चाळीच्या अरुंद दारातून ती आत शिरत नाही, आणि रस्त्यावर काढली तर पावसाळ्यातल्या खड्ड्यांत पुढची चाके रुततात नि मोडतात. पुढे ३ वर्षे संपण्याची वाट पाहावी! बरे, मापाबाहेरची खुर्ची नुसती गैरसोयीची असते असेही नाही. ज्याला कमरेखाली संवेदना नाही त्याला तीत दिवसभर बसून जखमा होतात, त्या चिघळतात, आणि प्रसंगी जिवावर बेततात. खुर्ची बसणाऱ्याच्या अंगाला आणि तो राहतो त्या जागेला साजेशी असावी, असे जागतिक आरोग्य संघटनेने २००८ सालीच सांगून ठेवले आहे. आमचे गृहस्थ म्हणतील, धर्माच्या गाईचे दात कशाला मोजावे? अहो, ही गाय नव्हे. हे माणसाचे पाय आहेत.

मग मापाची खुर्ची विकत घ्यावी म्हटले तर? मद्रासच्या आय.आय.टी.ने २०२५ साली ९ किलो वजनाची, बसणाऱ्याच्या मापाने बांधलेली खुर्ची पुढे आणली. परदेशी बनावटीच्या तशा खुर्चीला २ लाखांवर पडतात. हिची किंमत ७५,००० च्या घरात. करणाऱ्यांचे कौतुक करावे तितके थोडे. तरी ३१,००० पगाराच्या कारकुनाच्या मुलीला ती हवी असेल, तर त्या घराने जवळजवळ अडीच महिने अन्नावाचून काढले पाहिजेत.

त्यात कराची भर. २०१५ साली पंतप्रधानांनी ‘विकलांग’ ह्या शब्दाऐवजी ‘दिव्यांग’ म्हणावे असे सुचविले. २०१७ साली वस्तू व सेवा कर आला आणि चाकाच्या खुर्चीवर व कुबड्यांवर ५ टक्के बसले. नाव बदलण्यास दमडी लागत नाही, हेच खरे. कर अजिबात काढला तर देशी कारखानदारास कच्च्या मालावरील कराची वजावट मिळणार नाही व परदेशी माल स्वस्त पडेल, असे सरकारचे तेव्हाचे उत्तर होते. परंतु निर्यातीच्या मालावर कर शून्य ठेवून आतल्या कराचा परतावा देण्याची सोय ह्याच कायद्यात आहे. परदेशी गिऱ्हाइकासाठी जी युक्ती सुचते, ती घरच्या पांगळ्यासाठी का सुचू नये?

तथापि करापेक्षा मोठे कारण आमच्या दानशूरपणात आहे. खुर्ची करणाऱ्याचे खरे गिऱ्हाईक तीत बसणारा नव्हे, वाटणारा आहे. वाटणारास नग मोजायचे असतात आणि छायाचित्र काढायचे असते (कित्येकदा मागचा फलक खुर्च्यांच्या रांगेहून लांब असतो!), तेव्हा तो सर्वांत स्वस्त माल घाऊक घेतो. अशाने चांगली खुर्ची थोडी खपते, थोडी खपते म्हणून महाग राहते, आणि महाग आहे म्हणून पुन्हा शिबिराचीच गरज भासते.

हे चक्र मोडता येते. १९६८ साली जयपुरात रामचंद्र शर्मा ह्या कारागिराने डॉ. प्रमोद करण सेठी ह्यांच्या साह्याने जो पाय घडविला, तो अनवाणी शेतात चालणाऱ्या, मांडी घालून बसणाऱ्या माणसाकडे पाहून घडविला; म्हणून तो स्वस्तही झाला आणि उपयोगीही पडला. भिवंडीत लेथ चालविणाऱ्यांची, वेल्डिंग करणाऱ्यांची वानवा नाही. मागाचा मोडलेला भाग जुळवून देणारा मिस्त्री खुर्चीचे चाक बदलू शकणार नाही काय? स्थानिक संस्थांनी उत्पन्नाचे ५ टक्के अपंगांसाठी खर्चावे असा महाराष्ट्र सरकारचा दंडक आहे. भिवंडी-निजामपूर महापालिकेने त्या पैशातून माप घेणारा एक जाणकार आणि दुरुस्ती करणारे दोन मिस्त्री नेमावे. उरलेली रक्कम खुर्चीसाठी अपंगाच्याच नावे द्यावी, आणि कोणती घ्यावी हे त्याला ठरवू द्यावे. चांगल्या खुर्चीला गिऱ्हाईक मिळते की नाही, ते मग पाहू.