आम्हांला एकदा विचारून तर पाहा

'तारे जमीन पर' २००७ साली आला तेव्हा बडोद्यातल्या आपल्या घरांतूनही डोळे पुसले गेले. अक्षरे नाचताना दिसणाऱ्या त्या लहानग्याला समजूतदार शिक्षक भेटले आणि चित्रपट संपला. तो मुलगा आज पंचविशीपुढे गेला असता. त्याचे साहेब, शेजारी, सासरची माणसे त्याला काय म्हणत असतील, याचा विचार फारसा कोणी केला नाही. त्याविषयी चार शब्द लिहावेत म्हणून हा प्रपंच.

आम्ही या शाळेचे चार माजी विद्यार्थी. दोघे स्वमग्न, एकीला एडीएचडी, एकाला डिसलेक्सिया. चौघांचेही निदान तिशीनंतर झाले. तोपर्यंत शिष्ट, माणूसघाणी, वेंधळी, आळशी अशी नावे आम्हांला मिळून चुकली होती आणि आम्हीही ती खरी मानली होती.

उदाहरणेच सांगतो. 'या ना एकदा जेवायला' असे ऐकून आमच्यातला एक जण पुढच्या रविवारी खरोखरच जाऊन उभा राहिला. त्याचा किस्सा पुढे वर्षभर चघळला गेला. दुसरीला गणेशोत्सवातल्या ढोलाचा आवाज डोक्यात घणासारखा बसतो, म्हणून ती आरती फाटकाबाहेर उभी राहून म्हणते. लोक म्हणतात, 'हिला आपली माणसे नकोत.' तिसरी मावशीची पंच्याहत्तरी विसरली. त्यानंतर ती दोन रात्री झोपली नाही, पण मावशीच्या कानी एवढेच गेले की प्रेम असते तर लक्षात राहिले असते. चौथा कार्यालयात सर्वांसमोर अहवाल वाचताना अडखळतो आणि त्याने तयारीच केली नाही, असे ठरते.

आम्ही शिकत होतो तेव्हाच्या गुरुजनांना आम्ही दोष देत नाही. १९९५ च्या अपंगविषयक कायद्याच्या यादीत स्वमग्नता नव्हती, अध्ययन अक्षमताही नव्हती. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आले, त्यांत या दोन्ही आहेत. कायदा बदलला, पण बोलण्यातली विशेषणे तीच राहिली.

'स्वमग्न' हा शब्दही असाच. तो ऐकला की स्वतःतच बुडालेला, इतरांची पर्वा नसलेला माणूस डोळ्यांपुढे येतो. डेमियन मिल्टन हे स्वतः स्वमग्न असलेले ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ. त्यांनी २०१२ साली असे मांडले की गैरसमज दोन्ही बाजूंनी होतो. स्वमग्न माणसाला इतरांचे मन चटकन कळत नाही हे खरे, पण इतरांनाही त्याचे मन कळत नाही. दोष मात्र एकाच्याच पदरी पडतो.

कानगोष्टींचा खेळ आपण सारेच खेळलो आहोत. एडिंबरा विद्यापीठातील संशोधकांनी २०२० साली हाच खेळ मोठ्या माणसांना खेळायला लावला. आठ-आठ जणांच्या नऊ साखळ्या केल्या. स्वमग्नांच्या साखळीत गोष्ट इतरांच्या साखळीइतकीच नीट पोचली. मिश्र साखळीत मात्र ती जास्त गळाली. २०२५ साली तीनशेहून अधिक जणांना घेऊन प्रयोग पुन्हा झाला, तेव्हा मिश्र साखळीही मागे पडली नाही. स्वमग्नांना बोलणे पोचवता येत नाही, ही समजूत दोन्ही वेळा खोटी ठरली.

बडोदेकरांना हे समजायला जड जाऊ नये. पुण्याच्या पाहुण्यांसमोर आपल्या तोंडून खिडकीऐवजी 'बारी' निघाले की ते हसतात. आपल्याला मराठी येत नाही, असे आपण त्यावरून मानतो का? आमचेही तसेच आहे.

म्हणून थोडी मागणी. विश्वस्तांनी स्नेहसंमेलनाच्या आणि गणेशोत्सवाच्या दिवशी एक शांत खोली उघडी ठेवावी. सभेची वेळ, विषय आणि कोणी काय करायचे ते लेखी कळवावे. शिक्षकांनी 'माझ्या डोळ्यांत बघून बोल' हा आग्रह सोडावा. खाली पाहणारे मूल पुष्कळदा अधिक लक्ष देऊन ऐकत असते. पालकांनी मुलाला आळशी म्हणण्यापूर्वी तज्ज्ञाला एकदा दाखवावे. आणि आमच्यासारखे कोणी चमत्कारिक वागले, तर तिसऱ्याला सांगण्याआधी 'तुला काय म्हणायचे होते?' असे आम्हांलाच विचारावे. आम्हीही तुम्हांला तेच विचारू. त्याचा राग मानू नये.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्या वर्गातही असे कोणी असेल. मधल्या सुट्टीत डबा घेऊन एकटे बसणारे. त्याला एकटेच बसायला आवडत असेल, किंवा तुमच्यात कसे यावे हे कळत नसेल. दोन्ही शक्य आहे. आमच्या वेळी कोणी विचारले नाही. तुम्ही उद्या विचारा.