मातीच्या माणसाची पावती

घरातील मुलगी जादूगार, राक्षस, उडते ड्रॅगन असलेले जाडजूड पुस्तक घेऊन कोपऱ्यात बसली आणि एकटीच खुदूखुदू हसू लागली, की वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठी पडते. तक्रारी दोन. एक, अभ्यास सोडून हे काय चालले आहे? दुसरी जास्त गंभीर : भुतेखेते, मंत्रतंत्र आपण उंबऱ्याबाहेर टाकले, ते पुस्तकातून पुन्हा आत कशाला? पहिल्या तक्रारीवर आम्ही वाद घालणार नाही. परीक्षा तोंडावर असेल तर आम्हीही तेच म्हणू. दुसरीबद्दल मात्र बोलले पाहिजे.

टेरी प्रॅचेट नावाचा एक इंग्रज लेखक होऊन गेला. जन्म 1948, मृत्यू 2015. बाप मोटार मेकॅनिक. आपले खरे शिक्षण गावच्या सार्वजनिक वाचनालयात झाले असे तो सांगत असे. सतराव्या वर्षी शाळा सोडून तो स्थानिक वर्तमानपत्रात नोकरीला लागला. 1983 पासून त्याने ‘डिस्कवर्ल्ड’ नावाच्या जगाच्या 41 कादंबऱ्या लिहिल्या. हे जग थाळीसारखे चपटे. थाळी चार हत्तींच्या पाठीवर, हत्ती एका प्रचंड कासवाच्या पाठीवर, आणि कासव आकाशातून पोहत चाललेले! हत्ती-कासवाची ही गोष्ट आपल्या देशात जुनी आहे. आपल्याकडे ती हात जोडून ऐकायला लावली. प्रॅचेटने ती हसण्यासाठी घेतली. एवढा एक फरक ध्यानात घेतला, तरी दुसऱ्या तक्रारीचे निम्मे उत्तर मिळते.

त्याची 1996 साली आलेली ‘फीट ऑफ क्ले’, म्हणजे ‘मातीचे पाय’, ही कादंबरी आम्हास विशेष आवडते. अंख-मॉरपॉर्क नावाचे एक घाणेरडे, गजबजलेले शहर. त्याच्या शिपाईदलाचा प्रमुख सॅम व्हाइम्स, गरीब गल्लीतून वर आलेला. शहराच्या सत्ताधीशावर कोणी तरी विषप्रयोग करीत आहे आणि विष येते कोठून ते सापडत नाही. (ते आम्हीही सांगणार नाही. वाचणाऱ्याची मजा कशाला घालवा?)

आता विनोद बघा. या शहरात उमरावांच्या वंशावळी सांभाळणारे एक कार्यालय आहे. व्हाइम्सला तेथे मानचिन्ह नाकारले जाते, कारण त्याच्या पूर्वजाने शेवटच्या राजाचे मुंडके उडवले होते! आणि त्याच्या हाताखालचा नॉबी नावाचा शिपाई, जो इतका कळकट की आपण माणूस असल्याचा दाखला खिशात घेऊन हिंडतो, त्याला मात्र सांगितले जाते की तू थोर उमराव घराण्याचा वारस आहेस. झाले! काल ज्यांनी नाक दाबले, ते आज त्याला मेजवानीला बोलावतात. पुढे त्याला राजाच करण्याचा घाट घातला जातो. तेव्हा हा पठ्ठ्या घाबरून नाही म्हणतो. का? तर व्हाइम्ससाहेब रागावतील म्हणून! तमाशाच्या वगातील हवालदार ज्यांनी पाहिला आहे, त्यांना नॉबीची वेगळी ओळख करून द्यावी लागणार नाही. कुळाच्या मोठेपणावर शंभर पाने गंभीर लिहून जे साधणार नाही, ते येथे एका कळकट शिपायाकडून साधले आहे.

याच व्हाइम्सचा बुटांचा हिशेब 1993 च्या ‘मेन अॅट आर्म्स’ या कादंबरीत आहे. पगार महिना 38 डॉलर आणि वर भत्ते. चांगले बूट 50 डॉलरचे, ते वर्षानुवर्षे टिकतात. त्याला परवडतात 10 डॉलरचे, ज्यांचा पुठ्ठा एक-दोन हंगामांत झिजतो आणि मग पाणी आत शिरते. दहा वर्षांत गरिबाचे बुटांवर 100 डॉलर जातात, आणि पाय ओले ते ओलेच! तेलाचा डबा एकदम भरणाऱ्याला तेल स्वस्त पडते आणि रोज पावशेर नेणाऱ्याला महाग, हे आमच्या माता-भगिनींना कोणी शिकवायला नको. पण तोच हिशेब एका चपट्या जगातला पोलीस मांडतो, तेव्हा हसू फुटते आणि हसता हसता घास अडकतो. 2022 मध्ये इंग्लंडात जॅक मन्रो या लेखिकेने गरिबांच्या वाणसामानाची महागाई मोजण्यासाठी जो निर्देशांक काढायचे ठरवले, त्याला व्हाइम्सच्या बुटांचेच नाव दिले.

‘फीट ऑफ क्ले’मध्येही अशी एक जागा आहे. विषाचा डाव रचला गेला तो सत्तेसाठी. पण व्हाइम्सच्या जुन्या गल्लीत, जेथे खायला नसले तरी दारची पायरी घासून लख्ख ठेवतात, तेथे एक म्हातारी आणि एक तान्हे मूल मरते. डाव रचणाऱ्यांना त्यांची नावेही ठाऊक नसतात. या पानांवर विनोद थांबतो. व्हाइम्सचा संताप वाचताना आम्हीही पुस्तक क्षणभर मिटले होते.

आणि मग डॉर्फल. हा गोलेम, म्हणजे मातीचा, भट्टीत भाजलेला माणूस. त्याच्या पोकळ डोक्यात आज्ञांचा कागद ठेवलेला असतो, त्याप्रमाणे तो रात्रंदिवस कत्तलखान्यात राबतो. मजुरी नाही. जीभच नाही म्हणून पाटीवर लिहून बोलतो. कॅरट नावाचा सरळमनाचा शिपाई त्याला रीतसर विकत घेतो आणि खरेदीची पावती त्याच्याच डोक्यात घालतो. म्हणजे मालाचा मालक मालच! कल्पना विनोदी आहे, पण आम्हास ती वाचून हसावे की उठून उभे राहावे ते कळेना. पुढे डॉर्फलला जीभ मिळते, तो शिपायाची नोकरी धरतो, आणि पगार साठवून आपल्या भाईबंदांना एकेक करून सोडवायचे ठरवतो.

घरात सर्वांना इंग्रजी जमत नसेल तर ज्याला जमते त्याने रात्री जेवणानंतर चार पाने मराठीत सांगावीत. एकच अडचण येईल. या पुस्तकांत मृत्यू हे एक पात्र आहे आणि ते नेहमी मोठ्या अक्षरांत बोलते. आपल्या लिपीत लहान-मोठी अक्षरे नाहीत, तेव्हा सांगणाऱ्याने आवाज खोल काढावा. लहान मुले त्या आवाजासाठी पुन्हा पुन्हा हट्ट धरतील.

आजोबांसाठी मात्र शेवटचा प्रसंग राखून ठेवावा. डॉर्फल पुरोहितांसमोर उभा राहून आपण देव मानत नसल्याचे सांगतो. लगेच आभाळातून त्याच्यावर वीज कोसळते. धूर निवळतो. भाजलेल्या मातीला वीज काय करणार? तो जागच्या जागी उभा असतो आणि शांतपणे म्हणतो, की हा काही फारसा मुद्दा झाला नाही.