खतावणी मिटण्यापूर्वी

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. सकाळी सकाळी आमच्या गल्लीतल्या एक काकू दारात आल्या. पदराखाली जपून आणलेला कागद पुढे करून म्हणाल्या, "अण्णा, तुमी हिशोबातलं मानूस. ह्ये काय आलंय बगा की." मी चष्मा लावून पाहिले. आमच्या भागातल्या एका विकास सेवा संस्थेने पाठवलेली ती थकबाकीची नोटीस होती. ती काकूंच्या यजमानांच्या नावे होती आणि यजमानांना जाऊन चार वर्षे झाली होती. त्यांचे पीककर्ज मुलाने उसाच्या बिलातून केव्हाच फेडले होते. काकू म्हणाल्या, "मालकास्नी नोटीस द्यायला आता कोन जानार वर?" त्यात विनोद नव्हता. पैसे भरूनही नावावर बाकी राहिली, याची लाज त्यांच्या आवाजात होती.

मी आयुष्यभर सहकारी संस्थांची हिशेबतपासणी केली. निवृत्तीनंतर कबनूरला घरी बसलो असलो तरी अशी हाक आली की उठावे लागते. काकूंना घेऊन संस्थेत गेलो. सचिवांनी फडताळातून लाल कापडी बांधणीची जुनी खतावणी काढली, थुंकी लावून पाने उलटली आणि एका पानाच्या कडेला बोट ठेवले. तिथे पेन्सिलीने लिहिले होते : 'मयत. वसूल मुलाकडून, ऊसबिलातून. मुलाचे पान पाहावे.' सचिव म्हणाले, "वहीत हाय बगा अण्णा. पन त्या पोरानं कडंचं काय टाइपच केलं न्हाई. त्याला रकानाच न्हाई म्हनं."

'ते पोर' म्हणजे जुन्या वह्यांतली आणि जुन्या संगणकातली माहिती नव्या संगणकप्रणालीत भरण्यासाठी ठेकेदाराने पाठवलेला मुलगा. त्याची चूक म्हणावी, तर त्याला सांगितलेले काम त्याने चोख केले होते. नाव, सभासद क्रमांक, येणे रक्कम. वडिलांच्या पानावर कर्ज दिसत होते, ते त्याने भरले. मुलाच्या पानावर तेवढीच जादा जमा दिसत होती, तीही भरली. नव्या प्रणालीने तेरीज काढली. ती जुन्या तेरजेशी रुपया-पैशाने जुळली. जुळणारच होती. एकाच्या पानावरचे येणे दुसऱ्याच्या पानावरच्या जमेने फिटत होते. सगळ्यांनी समाधानाने सह्या केल्या आणि महिन्याभरात मेलेल्या माणसाला नोटीस गेली. बेरीज जुळली होती, माणसे जुळली नव्हती.

हा दोष एकट्या नव्या यंत्राचा नाही, हेही सांगितले पाहिजे. वडिलांच्या खात्यावरची रक्कम रीतसर जमाखर्च टाकून मिटवायला हवी होती. सचिवांनी ती पेन्सिलीवर सोडली, आणि माझ्यासारख्या तपासनिसांनी वर्षानुवर्षे 'तेरीज जुळते' म्हणून पुढचे पान उलटले. वही चालत होती ती सचिवांच्या डोक्यातल्या आठवणीवर. वही हलवली, डोके मागे राहिले.

ही एका गावाची कहाणी असती तर ती रविवारच्या वाचकांपुढे मांडण्याचे कारण नव्हते. २९ जून २०२२ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने देशातल्या ६३ हजार प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाला मंजुरी दिली. त्यासाठी २,५१६ कोटी रुपयांची तरतूद ठरली आणि पुढे व्याप्ती आणखी वाढवण्यात आली. नाबार्डच्या देखरेखीखाली देशभर एकच सामाईक प्रणाली बसवायची, गावची संस्था, जिल्हा बँक आणि राज्य बँक या तिन्ही पायऱ्या एका सूत्रात आणायच्या, अशी ही योजना. मोठे कारखाने आणि कंपन्या ज्या जातीची प्रणाली वापरतात, ईआरपी म्हणतात ती, आता गावच्या सोसायटीत आली आहे. महाराष्ट्रातल्या सुमारे १२ हजार संस्था यात आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते देशातल्या १८ हजार संस्थांमधल्या संगणकीकरणाचे उद्घाटनही झाले. संगणक आले, छपाईयंत्रे आली, फीत कापली गेली. या सगळ्यात सर्वांत अवघड आणि सर्वांत कमी बोलले गेलेले काम म्हणजे जुनी माहिती नव्या घरात नेणे.

हे काम नकलेचे आहे असा समज आहे. वस्तुतः ते निवाड्याचे काम आहे. खतावणीत एकाच नावाचे तीन सभासद असतात. सचिवांनी एकापुढे 'मळ्यातला', दुसऱ्यापुढे 'वेशीजवळचा' असे लिहिलेले असते. आधार कार्डावर मळाही नसतो आणि वेसही नसते. कुणाच्या पानावर घरातले हाकेचे नाव, बँकेत वेगळे, सातबाऱ्यावर आणखी तिसरे. नव्या प्रणालीला जन्मतारीख हवीच असते, ती दिल्याशिवाय पुढचा रकाना उघडत नाही. आमच्या पिढीतल्या निम्म्या लोकांची जन्मतारीख १ जून आहे, कारण शाळेत घालताना गुरुजींनी तीच लिहिली. रिकामी जागा चालत नसली की माणूस काहीतरी भरतो, ही खोड संगणकाच्याही आधीची आहे. फरक एवढाच की गुरुजींची १ जून सगळ्या गावाला ठाऊक होती. संगणकातली भरीव थाप कुणालाच ओळखू येत नाही.

ज्या संस्थांनी आधीच संगणक घेतला होता त्यांचे काम सोपे झाले, असेही नाही. अनेक ठिकाणी जवळच्याच शहरातल्या कुणा हुशार तरुणाने लिहून दिलेली डॉसवरची प्रणाली होती. ती लिहिणारा पुढे पुण्याला गेला आणि तिच्या आतले मर्म त्याच्याबरोबर गेले. युनिकोड सर्वत्र रुळण्यापूर्वी मराठी वेगवेगळ्या कंपन्यांच्या फॉन्टांत टाइप होई. पडद्यावर 'पाटील' दिसे, पण आत साठलेले असे भलतेच. तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर तेच नाव उघडले की चिन्हांचा उकिरडा दिसतो. म्हणून नावे पुन्हा टाइप करायची. पुन्हा टाइप करणाऱ्याला नगावर मजुरी. आणि नगावर मजुरी असली की हात थांबत नाही, शंका विचारत नाही.

कबनूर इचलकरंजीला खेटून आहे. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग बसवला, त्याचा खडखडाट आमच्या गल्ल्यांतून आजही ऐकू येतो. मागावरचा जुना बीम संपत आला की नव्या बीमचा एकेक धागा जुन्या धाग्याच्या टोकाला जोडावा लागतो. हजारो धागे असतात आणि प्रत्येकाची जागा ठरलेली असते. रंगीत पट्ट्यांच्या कापडात दोन धाग्यांची अदलाबदल झाली तर मोजणी पूर्ण भरते. पण कापड निघू लागले की चुकीची रेघ शेवटच्या वारापर्यंत चालत राहते. म्हणून बीम जोडणाऱ्याला कुणी 'लवकर आटप' म्हणत नाही. हे शहाणपण मागासाठी आहे, तर खातेदारासाठी का नसावे?

कारण चुकीची किंमत कागदावर राहत नाही. मुदतीत परतफेड करणाऱ्याला व्याजात सवलत देणारी डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नावाची योजना आहे. परतफेडीची तारीख चुकीची चढली की सवलत गेली. थकबाकीदार ठरलेल्या सभासदाला संस्थेच्या संचालक मंडळावर बसता येत नाही. २०१९ च्या महात्मा जोतीराव फुले कर्जमुक्ती योजनेत नियमित फेड करणाऱ्यांना ५० हजार रुपयांपर्यंत प्रोत्साहनपर रक्कम ठरली. ती कुणाला मिळणार हे २०१७-१८ ते २०१९-२० या तीन वर्षांपैकी कोणत्या दोन वर्षांत वेळेवर भरले, यावर अवलंबून होते. म्हणजे पुन्हा तारखाच. त्याआधी २०१७ च्या कर्जमाफीत शेतकऱ्यांचे ऑनलाइन अर्ज आणि बँकांनी दिलेली माहिती यांचा मेळ बसेना आणि याद्या रखडल्या, हे सारे महाराष्ट्राने पाहिले आहे.

तेव्हा जुन्या वह्या बऱ्या होत्या, असे म्हणायचे का? मुळीच नाही. मी त्या वह्यांच्या पोटात आयुष्य काढले आहे. खाडाखोड, मागाहून चढवलेल्या नोंदी, दोन संस्थांतून एकाच जमिनीवर काढलेले कर्ज आणि वर्षानुवर्षे पडून राहिलेले 'अनामत' नावाचे अंधारे खाते, हे सगळे मी पाहिले आहे. जी वही फक्त सचिवालाच वाचता येते, ती सभासदाची वही नव्हे. अपहार त्याच अंधारात वाढतो. पैसे भरताच पावती मिळावी, तपासनिसाला गावात न येताही खाते दिसावे, हे व्हायलाच हवे. माझी तक्रार यंत्राविरुद्ध नाही. यंत्रात शिरताना सभासदाला दाराबाहेर ठेवण्याविरुद्ध आहे.

याचा धडा आपल्याच राज्याने एकदा घेतला आहे. अडीच कोटींच्या घरातले सातबारे हस्तलिखितांतून संगणकात आणताना क्षेत्र चुकले, नावे गळली, फेरफार राहिले. मग हस्तलिखित आणि संगणकीकृत उतारा तंतोतंत जुळावा म्हणून आधी 'एडिट' आणि नंतर 'री-एडिट' असे दोनदा काम करावे लागले. २०१७ साली गावोगाव चावडीवाचन झाले. उतारे लोकांसमोर वाचायचे आणि ज्याचा त्याने 'बरोबर' किंवा 'चूक' म्हणायचे. त्यानंतर १ मे २०१८ रोजी डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा सुरू झाला. त्यानंतरही दुरुस्तीचे अर्ज थांबले नाहीत, हे खरे. पण जी चूक तलाठ्याला आणि यंत्राला दिसली नाही, ती पारावर बसलेल्या म्हाताऱ्याला दिसू शकते, हे सरकारने तेव्हा मान्य केले होते.

आणि मान्य केले नाही तर काय होते, तेही जगाने पाहिले. ब्रिटनच्या टपाल खात्याने १९९९ पासून आपल्या शाखांत 'होरायझन' नावाची हिशेबप्रणाली बसवली. तिच्यात नसलेली तूट दिसू लागली. गावोगावचे पोस्टमास्तर सांगत होते, आम्ही पैसे घेतले नाहीत. कुणी ऐकले नाही; कारण संगणक बरोबर आहे असेच गृहीत धरले गेले आणि तो चुकला हे सिद्ध करणे आरोपीच्या माथी आले. ९०० हून अधिक माणसे दोषी ठरली. काहींनी तुरुंग भोगला, काहींनी घरे विकून न घेतलेले पैसे भरले. अखेर २०२४ मध्ये संसदेला कायदा करून त्या शिक्षा पुसाव्या लागल्या. आमच्या गावच्या सचिवाकडे पाहताना मला ती माणसे आठवतात. उद्या नव्या प्रणालीत फरक निघाला तर पहिले बोट कुणाकडे जाईल, हे सांगायला ज्योतिषी नको.

म्हणून माझे मागणे साधे आहे. माहिती चढवून झाली की प्रत्येक सभासदाला त्याच्या खात्याचा उतारा मराठीत छापून हाती द्यावा : नाव, भाग, ठेव, कर्ज, परतफेडीची तारीख. संस्थेची वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावीच लागते; त्या सभेआधी एक दिवस खात्यांच्या पडताळणीसाठी ठेवावा. पैशाची बाब खासगी असते, म्हणून रकमा चारचौघांत न वाचता ज्याचे त्याला दाखवाव्यात. मयत सभासदांची यादी मात्र खुशाल वाचावी आणि वारसांना बोलवावे. पानाच्या कडेच्या नोंदींसाठी नव्या प्रणालीत 'शेरा' असा रकाना असावा. उसाचे एक पीक निघून त्याचे बिल जमा होईपर्यंत दोन्ही हिशेब शेजारी शेजारी चालावेत. आणि जुन्या खतावण्या रद्दीत जाऊ नयेत.

यावर उत्तर येईल की दुप्पट काम कोण करणार? तुटपुंज्या पगारावरचा सचिव दोन-दोन वह्या कशा लिहिणार? प्रश्न रास्त आहे. पण २,५०० कोटींच्या योजनेत संगणकाला पैसे आहेत, तर एका हंगामापुरत्या मदतनिसाला नसावेत, हे पटत नाही. आणि हे काम एकदाच करायचे आहे. आज टाळले तर पुढची वीस वर्षे ते थोडे थोडे, तक्रारींच्या आणि दाव्यांच्या रूपाने करावे लागेल.

काकूंचे काम त्या दिवशी झाले. सचिवांनी रीतसर जमाखर्च टाकला, वडिलांचे खाते निरंक झाले. काकू उठल्या नाहीत. "आता ह्ये पेटीतबी लिवलंय न्हवं?" त्यांनी विचारले. सचिव हो म्हणाले. तरीही त्या बसूनच राहिल्या. मग सचिवांच्या ध्यानात आले. त्यांनी टेबलावरचा पडदा फिरवून काकूंच्या समोर केला आणि यजमानांचे नाव आणि त्यापुढचे शून्य बोटाने दाखवले. काकूंना फारसे वाचता येत नाही. पण शून्य कळते. ते डोळे भरून पाहून त्या निघाल्या.

तो पडदा प्रत्येक सभासदासमोर एकदा फिरवावा, एवढेच.