मुलगा सुटतो, वस्ती तीच

रेल्वेच्या पुलाखाली, पंक्चरच्या सोल्युशनची पिळून चपटी केलेली नळी खिशात आणि ओल्या चिंधीचा बोळा मुठीत, अशा अवस्थेत जो चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा सापडतो, त्याला कोठेतरी डांबावे म्हणजे त्याचेही कल्याण होईल आणि आपलेही खिसे सुरक्षित राहतील, असे सद्गृहस्थांचे मत तत्काळ बनते. त्यातील कल्याणाची बाब मात्र तपासून घेण्याजोगी आहे.

अमेरिकेत बोस्टनलगतच्या केम्ब्रिज व सॉमरव्हिल या गावांतील ५०६ मुलांचे दोन तुल्य गट पाडून, १९३९ पासून त्यांपैकी एका गटास सल्लागार, शिकवणी, औषधपाणी आणि उन्हाळी शिबिरे यांचा लाभ वर्षानुवर्षे देण्यात आला. परंतु सुमारे ३० वर्षांनी संशोधिका जोन मॅकॉर्ड यांनी दोन्ही गटांची दप्तरे ताडून पाहिली, तेव्हा गुन्हेगारी, मद्यासक्ती आणि आजार यांच्या हिशेबात उपकृत मुलांचीच बाजू लंगडी ठरली, आणि पुढे असेही आढळले की शिबिरांस वारंवार धाडलेल्यांची हानी विशेष झाली. यात मला तरी नवल वाटत नाही. वात्रट मुले एकत्र कोंबली की एकाच्या फुशारकीला बाकीच्यांची हशा-दाद मिळते, आणि त्या वयात अशा दादेपुढे कोणत्या समुपदेशकाची मात्रा चालणार?

आपल्या २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाचे १८ वे कलम या दृष्टीने शहाणपणाचे आहे, कारण व्यसनमुक्तीच्या कार्यक्रमाबरोबरच शाळेत जाण्याचा आणि विवक्षित ठिकाणी न फिरकण्याचा हुकूमही बाल न्याय मंडळास त्याखाली देता येतो. मात्र पटावरून नाव उडालेल्या मुलास वर्गात घेण्यास मुख्याध्यापक नाखूश, बाप रात्रपाळीला आणि गल्लीच्या तोंडाशी जुने सोबती तिष्ठत, अशा स्थितीत त्या हुकुमाची तामिली कोणी करावयाची? १९८६ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात घरच्या माणसांनाही उपचारात सामील करून घेतात, ते उगीच नव्हे. आणि नशा पुरवणाऱ्याचे म्हणावे, तर बालकास दारू, तंबाखू वा अमली पदार्थ देणाऱ्यास याच अधिनियमाच्या ७७ व्या कलमान्वये सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. सोल्युशनचा तेथे नामनिर्देशही नाही, आणि ते विकणारा दुकानदार निर्वेधपणे गल्ल्यावर बसलेला असतो.

तेव्हा सरकारने नवी बालगृहे बांधण्याआधी परिवीक्षा अधिकाऱ्यांची रिकामी पदे भरावीत, आणि सुटलेल्या मुलाची फाइल बंद करण्यापूर्वी निदान वर्षभर दरमहा त्याच्या घरी व शाळेत जाण्याची जबाबदारी एका नावानिशी नेमलेल्या इसमावर टाकावी.