गाडी कुठे थांबवायची?

सहलीला निघालेल्या घरातली बाई काय करत असते, हे एकदा नीट बघा, मैत्रिणींनो. पहाटे उठून दशम्या आणि बटाट्याची भाजी तीच करते, औषधांची पिशवी तीच भरते, गॅस बंद केला का हे दोनदा तीच बघते. एवढं करून गाडीत बसली, की मात्र तिला बोलायची चोरी! कुठे थांबायचं, किती वेळ थांबायचं, हे ठरवणारं दुसरंच कुणीतरी असतं. वाटेत स्वच्छ बाथरूम मिळेल याची खात्री नसते. म्हणून मग ती सकाळपासून पाणीच पीत नाही.

मला याचा उलगडा झाला तो मागच्या सप्टेंबरात, अमेरिकेत मिनेसोटा राज्यात लेकीकडे गेलो होतो तेव्हा. हा उत्तरेकडचा तळ्यांचा मुलूख. दहा एकर किंवा त्याहून मोठी तळी मोजली, तर ती ११,८४२ भरतात. लेकीला रजा नव्हती. तिने आठवडाभर शेजारी बसून ह्यांच्याकडून उजव्या बाजूने गाडी चालवायचा सराव करून घेतला. मग किल्ली ह्यांच्या हातात दिली आणि नकाशा माझ्या. म्हणाली, ‘‘बाबा, गाडी तुम्ही चालवा. पण कुठे थांबायचं ते आई ठरवेल.’’

मिनिआपोलिसहून डुलुथ साधारण अडीचशे किलोमीटर. हमरस्त्यालगत थांब्यांवर स्वच्छ बाथरूम आणि प्यायचं पाणी, तेही फुकट. कित्येक वर्षांनी प्रवासात मी पोटभर पाणी प्यायले. डुलुथला सुपीरियर सरोवर लागतं. ८२ हजार चौरस किलोमीटरचं, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या पाव हिश्श्याहून मोठं! काठाकाठाने ६१ नंबरचा रस्ता जातो. मॅपलची झाडं लाल होऊ लागली होती, बर्च पिवळे. पहिल्या दिवशी ‘थांबा’ म्हणताना जीभ अडखळली. दुसऱ्या दिवशी मात्र मी सात वेळा गाडी थांबवली.

पुढे पश्चिमेला वळल्यावर एका तळ्यात होडी दिसली. तिथले मूळ रहिवासी ओजिब्वे लोक या दिवसांत तळ्यातलं रानभात काढतात. आपल्याकडे ऋषिपंचमीला न नांगरलेलं धान्य खातात ना, तसंच हे, पाण्यात आपसूक येणारं. होडीत माणसं दोन. एकजण लांब काठीने होडी रेटतो, दुसरा दोन दांडक्यांनी ताटं वाकवून दाणे होडीत झोडतो. रेटणाऱ्याने घाई केली, तर झोडणाऱ्याच्या हाती काय लागणार? दोघांनी एकमेकांकडे बघूनच पुढे सरकायचं.

मग इटास्का. तीन हजार सातशे किलोमीटरहून लांब असलेली मिसिसिपी नदी इथल्या तळ्यातून निघते, आणि इथे ती दगडांवर पाय ठेवून ओलांडता येते. मला खिळवून ठेवलं ते तिथल्या मेरी गिब्ज या बाईच्या गोष्टीने. १९०३ साली वडील वारले आणि या उद्यानाची जबाबदारी चोवीस वर्षांच्या मेरीवर आली. लाकूडतोड्या कंपनीच्या बंधाऱ्यामुळे तळ्याचं पाणी चढून काठची झाडं बुडत होती. तिने दारं उघडायला सांगितलं. समोरून बंदुकीची धमकी आली, तरी ती मागे हटली नाही. आज उगमाजवळच्या केंद्राला तिचं नाव आहे.

त्या संध्याकाळी हे म्हणाले, ‘‘मला इतकी वर्षं वाटायचं, तुला कुठे थांबायचंच नसतं.’’ त्यांनी कधी विचारलं नव्हतं, आणि मी कधी बोलले नव्हते. किती घरांत हेच चालतं! गाडीत ‘थांबा’ म्हणायची सवय नसलेली बाई शेत विकताना, लेकीचं लग्न घाईने उरकताना, स्वतःचं दुखणं अंगावर काढताना तरी ‘थांबा’ कशी म्हणणार? ती सवय लहान गोष्टींपासूनच लावावी लागते.

त्यासाठी अमेरिकेला जायला नको. आपल्याकडे लोणार आहे, नवेगाव बांध आहे. पाऊस ओसरल्यावर दोघांनीच एक दिवस काढा. डबा नको, वाटेत जे मिळेल ते खा. निघण्याआधीच सांगून टाका, की आज कुठे थांबायचं ते मी ठरवणार. गाडी त्यांनी चालवू दे, हवं तर तुम्हीही शिका. आणि गावच्या स्टँडवर, पेट्रोल पंपावर बायकांसाठी स्वच्छ बाथरूम नसेल, तर बचत गटातल्या चौघीजणी मिळून त्याबद्दल विचारायला जा. तहान मारून केलेल्या प्रवासाला सहल म्हणत नाहीत.