हायब्रिड गाडी आणि हुकलेली रेल्वे

हायब्रिड गाडी घेऊन महिना झाला आणि खोडद-नारायणगाव परिसरात माझी ओळख पर्यावरणप्रेमी म्हणून झाली. जुम्याच्या नमाजनंतर एका बुजुर्गांनी इसराफचा, म्हणजे उधळपट्टीचा, विषय काढला. वाहत्या नदीकाठी बसलात तरी वुजूला पाणी जपून वापरा, ही शिकवण आपल्याला लहानपणापासून ठाऊक. "बेटा, पेट्रोल वाचवतोस, सवाबचं काम आहे," ते म्हणाले. त्यांच्या मायेचा मान राखून मला या कौतुकाशी भांडायचे आहे.

आधी गाडीचे समजून घेऊ. बटण दाबले की इंजिनचा आवाज येत नाही, पडद्यावर फक्त 'रेडी' येते. शेजारच्या मळ्यातला पोरगा पहिल्या दिवशी म्हणाला, "चाचा, धक्का मारू का?" गाडी हळू असताना मोटर ओढते, वेग वाढला की इंजिन येते, ब्रेक दाबला की वाया जाणारी ताकद वीज होऊन बॅटरीत परत जाते. बॅटरी केवढी? माझ्या गाडीच्या बॅटरीत एक युनिटसुद्धा वीज मावत नाही. कोंडीत एसी लावून बसलो की थोड्याच वेळात इंजिन आपोआप सुरू होते आणि बॅटरी भरते. ही गाडी भिंतीतल्या प्लगला कधीच लावायची नसते, त्यामुळे तिच्यातली सगळी वीज शेवटी पेट्रोलचीच. 'अर्धी इलेक्ट्रिक' हा शोरूममधला शब्द आहे.

आता फायदा कुठे होतो ते पाहा. मोकळ्या हायवेवर ८०-९० च्या वेगाने इंजिनच बहुतेक काम करते, तिथे साध्या गाडीपेक्षा फरक थोडा. पुणे-नाशिक रस्त्यावर मंचर, राजगुरुनगरला बाह्यवळणे झाली, तिथे गाडी पळते. खरी बचत चाकणला. तळेगाव चौकाच्या आसपास गाड्या मुंगीच्या चालीने सरकतात, माझे इंजिन बंद असते, आणि पडद्यावरचा मायलेजचा आकडा वर चढतो. कोंडी जितकी मोठी तितकी माझी खरेदी शहाणपणाची ठरते. याला पर्यावरणाचे काम म्हणायचे?

हिशेबही करून पाहिला. वर्षाला १२,००० किलोमीटर, साधी गाडी लिटरला १५, ही २०, म्हणजे वर्षाला २०० लिटर वाचले. पैशात वीस हजारांच्या थोडे वर. साध्या मॉडेलपेक्षा मी अडीच लाख जास्त मोजले आहेत, ते वसूल व्हायला बारा वर्षे. हप्त्यावर घेणाऱ्याचे तर व्याजच बचत खाऊन टाकेल. व्याज हराम की मजबुरी, यावर आपल्याकडे रात्र-रात्र वाद चालतात, पण हा गुणाकार कोणी करत नाही. सरकारही गंमतच करते. सप्टेंबर २०२५ पासून माझ्यासारख्या हायब्रिडवर जीएसटी ४० टक्के, पूर्ण इलेक्ट्रिकवर ५. ज्याच्या गावात वीज कधी जाईल याचा नेम नाही, त्याने पाच टक्क्यांवाली गाडी लावायची कुठे?

पण करावर चिडून थांबणे मला मान्य नाही. कर कमी झाला तर चाकणच्या कोंडीत आणखी गाड्या येतील, एवढेच. त्या कोंडीत माझ्या मागे नारायणगाव आगाराची एसटी उभी असते. पन्नास माणसे तिच्यात, माझ्या गाडीत मी एकटा. इसराफ कोणाचा, ते बुजुर्गांनी सांगावे.

या खोऱ्याला हवी होती रेल्वे. पुणे-नाशिक सेमी हायस्पीड मार्ग, सुमारे २३५ किलोमीटर, नारायणगाव आणि संगमनेरवरून आखलेला. तो आता बाजूला पडला आणि शिर्डी, अहिल्यानगरवरून नवी आखणी पुढे आली. कारण दिले गेले ते खोडदच्या जीएमआरटीचे. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आकाशातून येणाऱ्या अतिक्षीण रेडिओ लहरी टिपतात. विजेवर धावणाऱ्या रेल्वेच्या तारांवर ठिणग्या उडतात, आणि त्यांचा रेडिओ गोंगाट दुर्बिणीला नडतो. हे खरे आहे, थाप नाही. प्रा. गोविंद स्वरूप यांनी ही जागा निवडली त्यामागे इथली रेडिओ शांतता होतीच. दुर्बीण हटवा म्हणणाऱ्यांच्या रांगेत मी उभा राहणार नाही. जगभरचे खगोलशास्त्रज्ञ आपल्या शिवारात येतात, याचा मला अभिमान आहे.

माझा सवाल दुसराच आहे. वळसा किती घ्यावा लागेल, बोगदा चालेल का, काही अंतरापुरती तारेविना गाडी धावेल का, याचा हिशेब मराठीत, ग्रामसभेत, आकड्यांसह मांडा. शांततेची किंमत एकट्या जुन्नर-आंबेगावने का मोजायची?

ती किंमत कोण मोजते तेही बघा. जुन्नरच्या मोहल्ल्यातली बारावी झालेली मुलगी रोज पुण्याला जाऊन परत येऊ शकत नाही. वसतिगृहात ठेवायला घरचे तयार नसतात, मग शिक्षण संपते. आपले काही लोक याला दीनदारीचे नाव देतात. सकाळी जाऊन मगरिबच्या आधी घरी आणणारी रेल्वे असती तर यातल्या किती बापांचा विरोध टिकला असता? मला वाटते, फार थोड्यांचा. मशिदीच्या ओट्यावर माझ्या मायलेजची चौकशी करणाऱ्यांनी रेल्वेच्या मागणीच्या निवेदनावर सही केली आहे का, हे मी आता प्रत्येकाला विचारतो. चाव्या खिशात घालून उठणारेच जास्त आहेत.