आधी ग्राउंड, मग आलेख

बेंगळुरूच्या कोरमंगलातील सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात ईसीजी काढताना रुग्णाच्या उजव्या पायालाही एक इलेक्ट्रोड लावतात. बारा लीडच्या कागदावर त्या पायाची स्वतंत्र रेघ कुठेच उमटत नाही. तरी तो लागतोच. हृदयाचा त्वचेवर मिळणारा संकेत जेमतेम एक मिलिव्होल्टचा, आणि शरीराला अर्थिंग नाही. भोवतालच्या वायरिंगची 50 हर्ट्झची गुणगुण ते सहज उचलते. उजव्या पायाच्या वायरीमुळे यंत्र आणि शरीर यांना समान संदर्भ मिळतो. ती निघाली की रेघा थरथरू लागतात.

रुग्णालयात जी गोष्ट रोजच्या शिस्तीचा भाग आहे, तीच अभियांत्रिकीच्या प्रयोगशाळांत सर्रास राहून जाते. हा दोष शिकवण्याचा आहे.

थर्मोकपल, सुटी बॅटरी, मायक्रोफोन हे सारे फ्लोटिंग स्रोत, म्हणजे अर्थिंगशी न जोडलेले. त्यांच्या दोन वायरी डॅक (डेटा अ‍ॅक्विझिशन) कार्डाच्या डिफरन्शियल इनपुटला लावल्या की काम झाले असे विद्यार्थ्याला वाटते. पण कार्डातल्या अ‍ॅम्प्लिफायरला किंचित बायस करंट लागतो आणि त्याला परतीची वाट हवी असते. वाट नसेल तर तो वायरींच्या कपॅसिटन्समध्ये साठतो. समजा करंट 1 नॅनोअँपिअर आणि कपॅसिटन्स 100 पिकोफॅरड. व्होल्टेज सेकंदाला 10 व्होल्टने सरकते. बहुतेक कार्डांची सहनशक्ती त्याच सुमाराची, म्हणजे सेकंदाभरात इनपुट भरून जाते. के प्रकारचे थर्मोकपल अंशाला सुमारे 41 मायक्रोव्होल्ट देते. त्याची रीडिंग यात कुठल्या कुठे वाहून जाते.

उपाय स्वस्त आहे. प्रत्येक वायरीपासून कार्डाच्या ग्राउंडला 10 ते 100 किलोओमचा एकेक रेझिस्टर. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा बेंगळुरूच्या एसपी रोडवर असे रेझिस्टर ओंजळभर घेतले तरी खिसा हलका होत नाही.

त्याऐवजी बहुतेक ठिकाणी सॉफ्टवेअरचा आधार घेतला जातो: सरासरी काढा, फिल्टर लावा, रेघ गुळगुळीत करा. हे घातक आहे, कारण गुळगुळीत रेघ खरी वाटते आणि चुकीच्या तापमानावर पुढचे निर्णय होतात.

 आज बेंगळुरूत विजेवरच्या स्कूटरींची रचना होते, आणि त्यांच्या बॅटऱ्यांच्या चाचणीत ग्राउंड न तपासण्याची चूक महागात पडू शकते. थर्मोकपलचे टोक सेलच्या धातूला टेकले की तो स्रोत फ्लोटिंग राहतच नाही. 48 व्होल्टच्या पॅकमध्ये वरच्या सेलचे व्होल्टेज थेट कार्डावर येते. तिथे रेझिस्टर निरुपयोगी. आयसोलेशन असलेले इनपुटच हवे. आणि स्रोताला आधीच अर्थिंग असेल तर कार्डाकडेही ग्राउंड जोडल्याने ग्राउंड लूप तयार होतो, म्हणजे नवी गुणगुण.

म्हणून पुण्या-मुंबईच्या आणि बेंगळुरूच्या महाविद्यालयांनी प्रयोगवहीत एक रकाना सक्तीचा करावा: स्रोताचा अर्थिंगशी संबंध आहे का, आणि तो मल्टिमीटरने तपासला का? तो रकाना भरल्याशिवाय कुणाच्याही आलेखावर सही होऊ नये.